भाड्याच्या घरात, भिंतीला भोक न पाडता क्विल्टसाठी डिझाइन वॉल

चौकोनी_चिंधी (ठाणे)

नमस्कार मंडळी. क्विल्टचे ब्लॉक, म्हणजे तुकडे जोडून केलेले चौकोन, उभे मांडून बघायला घरी डिझाइन वॉल करायची आहे. सध्या सगळी मांडणी जमिनीवर होते. केर काढायच्या आधी ती गोळा करावी लागते. शिवाय उभं राहून खाली बघितलं की जवळच्या ओळी मोठ्या आणि लांबच्या लहान दिसतात, त्यामुळे रंगांचा तोल काही केल्या कळत नाही.

जागेची माहिती देते. बेडरूमची एक भिंत ७ फूट रुंद मोकळी आहे, छत साडेनऊ फुटांवर आहे आणि समोर सुमारे ९ फूट मागे जाता येतं. घरमालक ड्रिल मारू देत नाहीत. भिंतीला साधं डिस्टेंपर आहे, त्यावर चिकटवायचे हूक रंगासकट निघून येतात. ही भिंत बाहेरच्या बाजूची असल्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये तिला ओल येते. खोलीच्या मध्यावर पंखा आहे.

हातात घेतलेलं काम सिंगल बेडचं आहे: ६० बाय ९० इंच, १० इंची ब्लॉक, एकूण ५४. त्यानंतर २ इंची चौकोनांचं बारीक काम करायचं आहे. कापड कोणतं घ्यावं, त्यामागे काय लावावं आणि माप किती ठेवावं? सामान इथल्या बाजारात मिळणारं असावं.

उलटी_शिवण

आधी माप ठरवा, सामानाचं नंतर बघू. क्विल्टचं तयार माप धरून वॉल केली तर ती हमखास कमी पडते. वॉलवर लागतो तो न शिवलेला माल, आणि त्याला चारी बाजूंनी पाव इंच माया, म्हणजे शिवणीत आत जाणारं कापड, असते. तुमचा १० इंची ब्लॉक वॉलवर साडेदहा इंच जागा खातो. आडवे ६ ब्लॉक म्हणजे ६३ इंच, उभे ९ म्हणजे साडेचौऱ्याण्णव. हा फरक चालून जाईल.

घोळ होतो तो बारीक तुकड्यांत. तयार २ इंचाचा चौकोन कापताना अडीच इंचांचा असतो, म्हणजे लांबी-रुंदीत प्रत्येकी पंचवीस टक्के वाढ. ३० बाय ४५ चौकोनांची मांडणी शिवून ६० बाय ९० इंच होईल, पण वॉलवर ती ७५ बाय साडेएकशेबारा इंच मागते. एवढी वॉल घरात करण्यात अर्थ नाही. त्या कामाचे १५ बाय १५ चौकोनांचे सहा भाग पाडा. एक भाग वॉलवर साडेसदतीस इंच जागा घेतो आणि शिवून साडेतीस इंचांचा होतो. एक भाग शिवून पुन्हा वॉलवर चढवा, त्याच्या शेजारी पुढचा मांडा. कडेला कोणते रंग भेटतायत ते तेव्हाच दिसतं.

तुमच्या भिंतीला ६ फूट बाय ६ फूट पुरेशी आहे. १० इंची ब्लॉक कडेला कडा लावून मांडलेत तर सहा ओळी मावतील. तेच ब्लॉक एकमेकांवर अर्धा इंच चढवलेत, म्हणजे दोन्हींची माया झाकली गेली, तर सात ओळी साडेसत्तर इंचांत बसतात आणि शिवल्यावर दिसेल तसंच चित्र दिसतं. टोकं जुळतायत का हेही कळतं. उरलेल्या दोन ओळींसाठी वरच्या ओळी नक्की झाल्या की त्या शिवून टाका आणि वॉलच्या वरच्या कडेवरून मागे सोडा. मग बाकीचं सगळं वर सरकवता येतं.

छतापर्यंत वॉल करायचा मोह टाळा. वरचा भाग स्टुलावर चढल्याशिवाय हाताला येत नाही, आणि एक तुकडा बदलायला दरवेळी स्टूल ओढावं लागलं की माणूस बदल करायचाच सोडून देतो.

फलालीन

कापडाबद्दल मी लिहिते. तुकडा वॉलवर टिकतो तो लवेमुळे. सुती तुकड्याचे धागे लवेत अडकतात, बाकी काही नाही. म्हणून मोठ्या महागड्या कापडापेक्षा बाळाच्या दुपट्यांसाठी मिळणारं साधं सुती फ्लॅनेल उत्तम. मात्र दोन्ही बाजूंनी लव असलेलं आणि अंगानं जरा जाड मागा. पातळ फ्लॅनेलची लव धुतल्यावर विरळ होते. रुंदी बहुतेक ३६ इंच मिळेल.

दुकानातच पारखून घ्या. पर्समध्ये ५ इंचांचा सुती चौकोन आणि शिवलेला एक ब्लॉक ठेवा. फ्लॅनेल मीटरभर उभं धरायला सांगा, चौकोन त्यावर ठेवून तळव्यानं एकदा सपाट करा आणि कापड हलकंसं झटका. चौकोन राहिला पाहिजे. शिवलेला ब्लॉक कदाचित सरकेल, कारण त्याच्या मागे शिवणींचे उंचवटे असतात आणि लवेला टेकणारा भाग कमी पडतो. त्याला वर एक टाचणी लावावीच लागते, तो कापडाचा दोष नाही.

लवेची दिशा फार महत्त्वाची आहे आणि नेमकी तीच बघायची राहते. कापडावरून तळवा फिरवून बघा: एका दिशेला गुळगुळीत लागेल, उलट दिशेला खरखरीत. वॉलवर लावताना हात वरून खाली नेला की खरखर लागली पाहिजे. म्हणजे लवेची टोकं वरच्या दिशेला आहेत आणि घसरू पाहणारा तुकडा त्यांच्यात अडकतो. उलटं लागलं तर त्याच कापडावरून तुकडे एकेक करून सुटतात आणि आपण दोष डिंकाला किंवा भिंतीला देत बसतो. तीन पट्ट्या कापणार असाल तर प्रत्येकीच्या वरच्या टोकाला मागून रंगीत धागा घालून ठेवा, नाहीतर एखादी उलटी लागते.

लावायच्या आधी दोनदा धुवा. सुती फ्लॅनेल चांगलंच आटतं, शंभर सेंटिमीटरला सात सेंटिमीटर धरून चाला. कपडे मऊ करणारं द्रव्य घालू नका. ते धाग्यांवर थर देतं आणि पकड जाते. खळ तर नाहीच. इस्त्री जोरानं फिरवलीत तर लव दबते. सुरकुत्या ताणल्यावर आपोआप जातात, आणि दबलेली लव कपड्यांच्या ब्रशनं खालून वर झाडली की परत उभी राहते.

रंग फिका करडा घ्या. पांढऱ्यावर पांढऱ्या पार्श्वभूमीचे तुकडे हरवतात, कडा कुठे संपते ते कळत नाही. चौकटी छापलेलं फ्लॅनेल मिळालं तरी घेऊ नका. धुतल्यावर चौकटी आटून वाकड्या होतात आणि मग त्या रेषांना तुकडे लावण्यापेक्षा रेषा नसलेल्या बऱ्या.

स्वस्तात करायचं असेल तर ६० बाय ९० इंची एकरंगी फ्लीस ब्लँकेट चालतं. जोड येत नाही हा त्याचा मोठा फायदा. पण ते ताणतं. जोरात ओढून बसवलंत तर विणीची घरं उघडतात आणि पकड कमी होते, म्हणून नुसतं सपाट होईल इतकंच ओढा. तात्पुरतं काम असेल तर टेबलावर घालायच्या प्लॅस्टिक कव्हरची मागची लवेची बाजूही ५ इंची चौकोन धरते. शिवलेले ब्लॉक मात्र ती धरत नाही.

रीप_आणि_खिळा

आता मागचा भाग. नुसतं कापड पडद्याच्या दांडीवर सोडलं तर ते पंख्यानं हलतं, आणि हलणाऱ्या कापडावर तुकडे राहत नाहीत. त्यामागे ताठ पाटी हवी आणि तिच्यात टाचणी शिरली पाहिजे. या दोन अटींत बरेच पर्याय बाद होतात. प्लायमध्ये टाचणी जात नाही. जाहिरातवाल्यांकडचा सनबोर्ड ताठ आहे, पण टाचणीचं टोक वाकतं. ८ बाय ४ फुटांचा ५ मिलिमीटरचा तुकडा आठेक किलो भरतो, तोही वर चढवणं सोपं नाही. ऑफिसातल्या पिनअपचा सॉफ्टबोर्ड टाचणी छान धरतो, मात्र ओल पिऊन फुगतो. तुमच्या भिंतीपाशी तो नकोच.

राहतो एक्सपीएस, म्हणजे गच्चीच्या उष्णतारोधासाठी वापरतात तो दाट फोम. निळा, गुलाबी किंवा हिरवट असतो. स्टेशनरीच्या दुकानात मिळणार नाही, इन्सुलेशनचं सामान विकणाऱ्याकडे विचारा. पाटी १२५० बाय ६०० मिलिमीटरची येते, जाडी २५ मिलिमीटर घ्या. साधा दाणेदार थर्माकोल त्यापेक्षा स्वस्त आहे, पण टाचणीची भोकं लवकर सैल होतात आणि कापलेल्या कडेचे दाणे गळत राहतात. त्याची निदान कापलेली कड कागदी टेपनं बंद करावी लागते.

६०० मिलिमीटर रुंदीला ३६ इंची फ्लॅनेल नेमकं पुरतं, म्हणून पाट्या जोडून ६०० बाय १८०० ची तीन पॅनेल करा. तिन्ही शेजारी ठेवली की १८०० बाय १८००, म्हणजे साधारण ७१ इंच चौरस. सामान असं:

- एक्सपीएसच्या ५ पाट्या. प्रत्येक पॅनेलला एक अख्खी आणि ५५० मिलिमीटरचा एक तुकडा. एका पाटीतून असे दोनच तुकडे निघतात.
- पाइनच्या रिपा, २५ बाय १२ मिलिमीटर: १८०० च्या ६ आणि ५५० च्या ९.
- फ्लॅनेल ७ मीटर.
- पातळ पांढरी सुती चादर किंवा मांजरपाट, फोम झाकण्यापुरता.
- पाण्यात मिसळणारं लाकडाचं फेविकॉल, ८० नंबरचा सँडपेपर, स्टेपल गन आणि ८ मिलिमीटरच्या पिना.

पॅनेलची अख्खी पाटी आणि तुकडा सपाट जमिनीवर टोकाला टोक लावून ठेवा. मागच्या बाजूला दोन्ही उभ्या कडांना लागून १८०० च्या रिपा येतील. त्यांच्या मध्ये आडव्या तीन: वर, खाली आणि नेमक्या सांध्यावर. सांध्यावरची विसरलात तर पॅनेल तिथेच मोडतं. एक्सपीएसची पाटी वरून गुळगुळीत असते, त्यावर डिंक नीट धरत नाही. रिपांच्या जागी सँडपेपर मारा, साल निघून पृष्ठभाग खरखरीत झाला की डिंक लावा. फोम पाणी शोषत नाही, सगळं पाणी लाकडाच्या बाजूनंच सुकतं, त्यामुळे वर वजन ठेवून पूर्ण चोवीस तास द्या. पावसाळ्यात दोन दिवस.

डिंकाच्या बाबतीत एक सावधगिरी. सनमायका चिकटवायचं पिवळसर, उग्र वासाचं रबरी ॲडेसिव्ह चुकूनही वापरू नका. त्यातलं द्रावण फोम विरघळवतं, थोड्याच वेळात खड्डे पडतात. बऱ्याचशा स्प्रे ॲडेसिव्हचंही तेच. ग्लू गनचा गरम डिंकही भोक पाडतो. हाताशी असलेलं काहीही आधी उरलेल्या तुकड्यावर लावून तासभर ठेवून बघा.

फोमवर कंपनीचं नाव मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं आणि ते पातळ फ्लॅनेलमधून दिसतं. गुलाबी फोमचा रंगही वर झाक देतो. म्हणून आधी पांढरं कापड, मग फ्लॅनेल. पॅनेल पालथं ठेवा, कापड मागे वळवून रिपेवर स्टेपल करा. फोममध्ये मारलेली पिन बोटानं निघते. सुरुवात उभ्या कडेच्या मध्यापासून, मग समोरच्या कडेचा मध्य, असं अदलून बदलून टोकांकडे या. पिनांमध्ये दोन बोटांचं अंतर पुरे. आटल्यावर फ्लॅनेलची रुंदी साधारण ८५० मिलिमीटर राहते. त्यातून ६०० दर्शनी भाग आणि दोन्ही कडांची जाडी मिळून पाऊणशे गेले तरी वळवायला प्रत्येक बाजूला साडेआठ सेंटिमीटर हातात राहतात. एक पॅनेल दोन किलोच्या आतबाहेर भरतं.

टेकवायला ड्रिल लागत नाही. पॅनेल जमिनीवर उभं करून वरची कड भिंतीला टेकवा आणि खालची कड भिंतीपासून १५ सेंटिमीटर पुढे घ्या. एवढ्या कलानं तुकड्यांचं वजन थोडं कापडावर येतं, पकड लक्षात येईल इतकी वाढते, आणि मागे हवा खेळत राहते. खाली टाइल असेल तर पॅनेल पुढे सरकेल, त्यामुळे घसरू नये म्हणून गालिच्याखाली घालतात ती रबरी जाळी पट्टी कापून घाला. जाळीखाली दोन इंची लाकडी ठोकळे ठेवलेत तर लादी पुसताना फ्लॅनेल भिजणार नाही. तिन्ही पॅनेल मागून वेल्क्रोच्या पट्ट्यांनी दोन ठिकाणी बांधा, नाहीतर मधलं पुढे येतं आणि सांध्यावरचा ब्लॉक कुबड काढतो.

पावसाळ्यात ही भिंत ओलसर असताना वॉल कायम उभी ठेवू नका. काम झालं की पॅनेल पलंगाखाली सरकवा. सुती फ्लॅनेल ओल धरतं आणि मागच्या बाजूनं काळे ठिपके येतात. ते डाग जात नाहीत, वर मांडलेल्या फिक्या तुकड्यांनाही लागतात.

चौकोनी_चिंधी

सगळ्यांचे मनापासून आभार, मापासकट सगळं मिळालं. दोन शंका. पंखा बंद ठेवून काम करणं मे महिन्यात शक्य नाही, त्याचं काय करू? आणि इस्त्रीचं टेबल याच भिंतीपाशी आहे, ते तिथेच ठेवलं तर चालेल का? वॉलवरून तुकडा उचलून लगेच दाबता आला असता.

रीप_आणि_खिळा

इस्त्री लांब न्या. हा फोम ७५ अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतो आणि सुती कापडाची इस्त्री दोनशेच्या घरात असते. वॉलवर इस्त्री टेकवायची नाही हे तर झालंच, पण वाफेचा झोत आणि उभी ठेवलेली गरम इस्त्रीही पॅनेलपासून हातभर दूर हवी. दिवा, उदबत्ती, गॅस यांच्याजवळ तर अजिबात नको. हा फोम पेट घेतो.

पंख्याचं असं आहे: छताच्या पंख्याची हवा खाली येऊन जमिनीवरून भिंतीकडे पसरते आणि भिंतीला लागून वर चढते. त्यामुळे सगळ्यात आधी खालच्या ओळींची खालची टोकं उचलली जातात. टाचणी वर लावून उपयोग नाही. खालच्या दोन ओळींच्या तुकड्यांना खालच्या कडेला लावा. बाकीचे तुकडे मध्यम वेगावर राहतात. टेबलफॅन असेल तर तो वॉलकडे तोंड करून नको, वॉलच्या बाजूनं तुमच्याकडे वारा येईल असा ठेवा. रात्रभर मांडणी तशीच राहायची असेल तर जुन्या मच्छरदाणीची जाळी वरून सोडून चार कोपऱ्यांना टाचा. तिच्यातून मांडणी दिसतेही.

एडिसनची_सुई (न्यू जर्सी)

अमेरिकेतल्या मैत्रिणींसाठी भर घालते, कारण इथे माल वेगळा मिळतो. हार्डवेअरच्या मोठ्या दुकानांत उष्णतारोधक फोमची पाटी ८ बाय ४ फुटांची येते. एक इंच जाडीच्या दोन शेजारी लावल्या की ८ बाय ८ ची वॉल झाली, रिपांचा उपद्व्याप कमी. गाडीत मावत नसेल तर दुकानाच्या पार्किंगमध्येच मोजून कटरनं चीर द्या आणि गुडघ्यावर मोडा, सरळ तुटते. एका बाजूला चांदीचा कागद असलेली पाटी वेगळ्या फोमची असते. तिला पिना चालतात, पण कागदाची चमक फ्लॅनेलमधून वर येते, ती बाजू मागे करा.

इथे कापडाऐवजी सुती बॅटिंगच, म्हणजे क्विल्टच्या मधल्या थराची भरण, ताणून लावतात. क्वीन मापाचं ९० बाय १०८ इंचांचं पाकीट असतं, त्यातून साडेसात फुटांपर्यंतची वॉल बिनजोड झाकते. पकड फ्लॅनेलपेक्षा चांगली, शिवलेले ब्लॉकही बहुधा टाचणीविना राहतात. पण लवकर गोळे धरते, आणि तुकडे उचलताना गडद कापडावर पांढरे तंतू येतात. भारतात त्याच कामासाठी मिळणारं पॉलिएस्टर वाडिंग मात्र तसंच उघडं लावू नका. त्याला वरून चकचकीत साय असते, तुकडे घसरतात. फ्लॅनेलखाली अस्तर म्हणून ते उपयोगी आहे.

हिवाळ्यात हीटिंगमुळे हवा कोरडी पडते आणि फ्लीसमध्ये स्थिर वीज भरते. घरातला प्रत्येक धागा आणि कुत्र्या-मांजराचा केस तिथे येऊन बसतो. रबरी हातमोजा घालून खालून वर हात फिरवला की सगळा कचरा वळून निघतो.

एक गोष्ट बघण्याबद्दल. चिंधीताई, तुम्हाला मागे जायला ९ फूट आहेत, पण सहा फुटी मांडणीतला फिका-गडद तोल जोखायला ते थोडं कमी पडतं. दाराला लावतात ती बाहेरचं माणूस बघायची लेन्स सुटी विकत मिळते. तिच्यातून बघितलं की अख्खी वॉल लहान आणि दूर दिसते आणि एखादा तुकडा डोळ्यांत खुपत असेल तर लगेच कळतं. फोनवर कृष्णधवल फोटो काढणं सगळ्यांना माहीत आहे. पण त्या फोटोत लाल आणि हिरवा एकसारखे करडे दिसू शकतात, तेव्हा त्यावरून फिका-गडद एवढंच ठरवा, रंग कोणता कुठे जावा ते नव्हे.

उलटी_शिवण

उजेडाचं राहिलंच की. आपल्याकडच्या नेहमीच्या ट्यूबचा प्रकाश ६५०० केल्विनचा, निळसर असतो. त्याखाली ऑफव्हाइट आणि पांढरा एक दिसतात, आणि बदामी रंग मळका दिसतो. वॉलसाठी ४००० केल्विनची एलईडी ट्यूब घ्या, खोक्यावर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० किंवा त्याहून जास्त लिहिलेली. ती वॉलच्या डोक्यावर नको, तीनेक फूट पुढे हवी. डोक्यावरच्या किंवा बाजूच्या उजेडात प्रत्येक तुकड्याच्या कडेला सावलीची रेघ पडते आणि ती रेघ आपण गडद पट्टी म्हणून वाचतो. खिडकी बाजूला असेल तर शेवटची नजर दुपारी टाका, संध्याकाळी नाही.

वाकळ

वॉल करताय ते उत्तमच, पण कुठलं काम तिथे करायचं नाही तेही लिहून ठेवते. आपली गोधडी किंवा वाकळ करायला ती लागत नाही. तिथे थर जमिनीवर अंथरले जातात, ठिगळं जागेवर बसत जातात आणि धावदोरा कडेकडून आत फिरत येतो. मांडणी आणि शिवण एकाच वेळी चालते. ब्लॉकच्या क्विल्टलाही वरचा जोडलेला थर, मधलं वाडिंग आणि अस्तर एकत्र करायची वेळ आली की परत जमिनीवर किंवा टेबलावरच यावं लागतं. उभ्या पाटीवर तीन थर नीट ताणले जात नाहीत, मधला खाली बसतो.

साड्यांच्या तुकड्यांबद्दल. धुऊन मऊ झालेली सुती साडी फ्लॅनेलला नव्या कापडापेक्षा चांगली चिकटते, कारण नव्याला कारखान्याची खळ असते. जॉर्जेट, साटीन, पैठणीचं रेशीम यांचे तुकडे टिकत नाहीत, आणि टाचणीनं रेशमाला कायमची भोकं पडतात. त्यांना आधी मागून पातळ सुती फ्यूजिंग, म्हणजे इस्त्रीनं चिकटणारं अस्तर, लावा. एरवीही असे निसटते तुकडे शिवायच्या आधी त्याची गरज असतेच, आणि मागे सुती पदर आला की ते वॉलवर सरळ बसतात. खणाचा काठ अंगापेक्षा जड असतो, तो खालच्या बाजूला आला तर चौकोन वाकडा लोंबतो. काठाच्या वर एक टाचणी, ती शिवणीच्या मायेत, म्हणजे भोक दिसत नाही.

चौकोनी_चिंधी

शेवटचं विचारते. मांडणी पक्की झाली, आता ५४ ब्लॉक मशीनपर्यंत न्यायचे. क्रम बिघडू नये आणि एखादा ब्लॉक फिरून उलटा लागू नये यासाठी काय करता?

फलालीन

उतरवायच्या आधी फोटो, तोही समोरून आणि सगळे कोपरे येतील असा. प्रत्येक ब्लॉकच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात एक टाचणी लावा. ती वर-डावीकडे असेल तर ब्लॉक सरळ आहे. ओळीच्या पहिल्या ब्लॉकला तेवढी चिठ्ठी पुरते, क्रमांक आणि बाण. प्रत्येक ब्लॉकवर आकडे टाकत बसायची गरज नाही. ओळ उचलताना उजवीकडून सुरू करा आणि एकावर एक ठेवत डावीकडे या, म्हणजे पहिला ब्लॉक गठ्ठ्याच्या वर येतो. चिठ्ठीवर शिवणी दाबायची दिशाही लिहा: विषम ओळी उजवीकडे, सम ओळी डावीकडे. तसं केलं की ओळी जोडताना शिवणी एकमेकींत बसतात, कोपरे सरकत नाहीत.

उलटी_शिवण

मी दोरा न तोडता जोडायला सांगेन, त्यात क्रम बिघडायला जागाच उरत नाही. वॉलवरचा पहिला उभा रकाना आणि दुसरा रकाना उतरवा, प्रत्येकी ९ ब्लॉक, वरून खाली क्रमानं. पहिल्या ओळीचा पहिला-दुसरा ब्लॉक जोडा, दोरा न कापता लगेच दुसऱ्या ओळीची जोडी मशीनखाली सरकवा, असं नवव्यापर्यंत. सगळ्या जोड्या दोऱ्यानं एकमेकींना बांधलेल्या राहतात. मग तिसरा रकाना उतरवून तो प्रत्येक जोडीच्या उजव्या बाजूला, तसाच वरून खाली. सहाही रकाने झाले की उभ्या शिवणी संपल्या आणि ओळी दोऱ्याला धरून आपापल्या जागी आहेत. आता दाबा, फलालीनताईंनी सांगितलेल्या दिशेनं, आणि मगच आडव्या शिवणी घाला. मधले दोरे कापू नका, ते आडव्या शिवणीत आत जातात. फक्त जोड्यांमधला दोरा दोन-तीन टाक्यांपेक्षा आखूड ठेवू नका, नाहीतर दाबताना ओळी उलट-सुलट दिशेला वळत नाहीत आणि कोपऱ्याशी कापड गोळा होतं.